विद्यार्थ्याचा प्रयोग रात्री कुणी करायचा?

पत्राचा सारांश

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत इम्युनॉलॉजीत (प्रतिकारशक्तीच्या शास्त्रात) काम करणाऱ्या ३५ वर्षांच्या संशोधिकेचं हे पत्र आहे. परदेशातलं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) संपवून त्या परतल्या. स्वतःची लॅब सुरू करून त्यांना पावणेतीन वर्षं झाली. विषय क्षयाचा आहे. एकाच घरात एकाला क्षय होतो आणि त्याच हवेत श्वास घेणारी बाकीची माणसं जंतू शरीरात जाऊनही धडधाकट राहतात, हे कशामुळे, ते त्या शोधतायत. त्यासाठी ग्रामीण आरोग्य केंद्रांतून रुग्णांच्या घरच्यांचं रक्त येतं, आदल्या दिवशी काढलेलं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं. तुलनेसाठी संस्थेतल्याच निरोगी स्वयंसेवकांचं रक्त घेतलं जातं. पहिली ग्रँट संपायला पंधरा महिने उरलेत आणि स्वतःच्या लॅबमधून अजून एकही पेपर निघालेला नाही.

पीएचडीचे तीन विद्यार्थी आहेत. त्यातल्या एकाचे प्रयोग दोन वर्षं फसतायत. नमुने मोलाचे आणि फ्लो सायटोमीटर (रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) रात्रीच मोकळा मिळतो, म्हणून गेले चार महिने आठवड्यातून तीन रात्री त्या स्वतःच त्याच्या नमुन्यांतल्या पेशींना रंग लावून (स्टेनिंग) ते यंत्रावर चालवतात. प्रत्येक वेळी चार तास जातात. त्याखेरीज महिन्यातून एक रविवार त्या सातारा जिल्ह्यातल्या आपल्या जुन्या कॉलेजात जातात, आणि गावाकडच्या मुलामुलींच्या मेसेजना रोज पाऊण तास उत्तरं देतात. त्या स्वतः ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकल्या. प्राणिशास्त्राच्या एका सरांनी त्यांना एसटीनं प्रवेश परीक्षेला पुण्याला आणलं नसतं, तर आज त्या इथे नसत्या. संस्थेतल्या एका वरिष्ठांनी सांगितलंय, ‘आधी पेपर, मग समाजसेवा.’ त्या विचारतात : नोकरी कायम होईपर्यंत हे मार्गदर्शन थांबवावं का? थांबवलं तर सरांशी बेइमानी होईल, नाही थांबवलं तर लॅबच उरणार नाही, असं त्यांना वाटतं.

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्राच्या मध्ये एक वाक्य आहे. ते तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात : ‘हा मुलगा कामापेक्षा शंकाच जास्त काढतो. परवा म्हणाला, बाहेरून येणाऱ्या रक्तात पांढऱ्या पेशींचा थर गढूळ दिसतो.’ त्या वाक्याकडे मी अगदी शेवटी येणार आहे. तोवर ते मनात असू द्या.

आधी तुमच्याच आकड्यांची बेरीज करू, कारण तुम्ही ते सगळे दिलेत आणि बेरीज मात्र केलेली नाही. कॉलेजचा रविवार जाण्यायेण्यासकट बारा तासांचा. मेसेज रोज पाऊण तास, म्हणजे महिन्याला साधारण बावीस-तेवीस तास. दोन्ही मिळून पस्तीसच्या आत. आणि रात्रीचा फ्लो? आठवड्याला बारा, म्हणजे महिन्याला पन्नासच्या वर. शिवाय दुसऱ्या दिवशीची सकाळ जागरणात जाते, ती मी धरलेलीच नाही. पेपर लिहायचा असतो तो याच सकाळी.

तुमचे वरिष्ठ ज्याला समाजसेवा म्हणतात, त्याच्या दीडपट वेळ एका खोलीत, एका यंत्रासमोर, एका विद्यार्थ्याचं काम त्याच्याऐवजी करण्यात जातोय. तुम्ही मला विचारलंत की मार्गदर्शन थांबवू का. मला तुम्हाला उलट विचारायचंय : रात्री साडेदहाला तुम्ही जे करता, त्याला तुम्ही मार्गदर्शन म्हणता का?

हे मी दुरून, आरामात बसून विचारत नाहीये. माझी लॅब होती तेव्हा माझाही असाच एक विद्यार्थी होता. अतिशय मनमिळाऊ, कष्टाळू मुलगा, पण त्याची एलायझा (नमुन्यातली प्रथिनं मोजायची चाचणी) कधी म्हणजे कधी बसायची नाही. थिसिसची तारीख जवळ आली तसं मी त्याच्या प्लेट स्वतः लावायला लागले. सहा महिने लावल्या. त्याला पदवी मिळाली, त्याच्या आईवडिलांनी मला पेढे आणून दिले, मलाही धन्य वाटलं. दोन वर्षांनी त्याचा फोन आला. तपासणीचे किट बनवणाऱ्या एका कंपनीत तो लागला होता, नवीन चाचणी पडताळून बघायचं काम त्याच्याकडे आलं होतं. ‘मॅडम, स्टँडर्ड कर्व्ह बसतच नाही.’ मी फोनवर एकेक पायरी विचारत गेले आणि पाचव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं, की त्या मोजमापाच्या आलेखासाठी दुपटीदुपटीनं पातळ करत जायचं ते द्रावण त्यानं आयुष्यात एकट्यानं कधी केलेलंच नव्हतं. माझ्याकडे सहा महिने त्याच्या शेजारी बसून चुका बघायला वेळ नव्हता, म्हणून मी त्याला चुका करूच दिल्या नव्हत्या. त्याची ती नोकरी टिकली नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगते, त्या रात्रींनी तुमचं जे नुकसान होतंय त्याहून जास्त त्या मुलाचं होतंय. फेलोशिपची पाच वर्षं मोजून दिलेली असतात. त्यातली दोन गेली. महिन्याला फेलोशिपची रक्कम हातात पडते, घरी वाटतं मुलगा मार्गी लागला, आणि इकडे त्याच्या वहीत आकडे येतायत ते त्याच्या हातचे नाहीत. हे त्याला कळत नसेल असं समजू नका. विद्यार्थ्यांना सगळं कळतं. गाइड रात्री येऊन आपलं काम करून जाते, याचा अर्थ गाइडला आपल्यावर भरवसा नाही, हे त्यानं केव्हाच ओळखलं असेल.

तुमची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. नमुना म्हणजे कुणाच्या तरी घरी जाऊन, आशाताईंनी समजूत घालून, सही घेऊन काढलेलं रक्त. ते वाया घालवायचा हक्क कुणाला नाही. पण मग रुग्णाच्या घरच्यांची ती नळी ही शिकायची जागाच नव्हे. शिकायचं ते स्वयंसेवकांच्या रक्तावर. आणि शिकायचं ते दहा रंगांच्या पॅनेलवर तर मुळीच नाही. एक रंग, एक अँटीबॉडी, टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींवरच्या सीडी३ या खुणेला चिकटणारी तेवढी. मेलेल्या पेशी ओळखायचा रंग. मग दोन. प्रत्येक अँटीबॉडी किती पातळ केली की नेमकी बसते हे त्यानं स्वतः काढायचं, आलेख त्यानं काढायचा, एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या खिडकीत किती झिरपतो याची भरपाई त्यानं लावायची. हे सगळं त्यानं चुकवायचं, आणि का चुकलं ते वहीत लिहायचं. तुम्ही शेजारी उभ्या राहा. हात पाठीमागे बांधून. हे फार कठीण असतं, मला माहीत आहे. पिपेट धरण्याची ढब बघूनच आपल्याला कळतं की आता बुडबुडा येणार, आणि हात पुढे जातो. जाऊ देऊ नका. सलग तीन वेळा त्याच्या हातून तेच उत्तर आलं, की मग रुग्णांच्या घरची नळी त्याला द्या, आणि तुम्ही घरी जा. यंत्राची दिवसाची वेळ महिन्यातून दोनदा तरी मागून घ्या. लेखी मागा, विद्यार्थ्याचं प्रशिक्षण असं कारण लिहून. तोंडी मागितलेलं विसरलं जातं.

हे करण्याआधी त्याच्याशी एकदा बोला. प्रयोगाबद्दल नको, त्याच्याबद्दल. कँटीनमध्ये नको आणि तुमच्या टेबलासमोर उभं करूनही नको. जवळपास चालत एक फेरी मारा. त्याला विचारा की हे काम त्याला करायचंय का. दोन वर्षं प्रयोग फसलेल्या मुलाला हा प्रश्न बहुधा कुणी विचारलेला नसतो. सगळे विचारतात कधी संपणार. तो कदाचित म्हणेल की मला बाहेर पडायचंय. पडू द्या. आकडेवारीच्या कामात, वैद्यकीय लेखनात, शिकवण्यात, कंपनीत, बाहेर खूप जागा आहेत, आणि दोन वर्षांनी सन्मानानं बाहेर पडणं हे सहाव्या वर्षी मोडून पडण्यापेक्षा कितीतरी बरं. तो म्हणेल की राहायचंय, तर त्याच्या सल्लागार समितीपुढे दोघांनी मिळून जा आणि पुढच्या सहा महिन्यांत एकच प्रश्न, एकच प्रयोगमाला, एवढंच ठरवून या. तो निर्णय एकट्यानं डोक्यावर घेऊ नका. समिती त्यासाठीच असते.

आता सरांच्या ऋणाबद्दल. पत्रातला हा भाग वाचताना मला भरून आलं, आणि थोडं वादही घालावासा वाटला.

तुम्ही लिहिलंत की रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात लहानपणापासून लक्ष्मीबाईंची गोष्ट ऐकलीत. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नीनं मंगळसूत्रसुद्धा विकलं, ती. साताऱ्याकडच्या शिकलेल्या प्रत्येक घरात ही गोष्ट आहे आणि तिच्यापुढे मान खाली जातेच. पण मला वाटतं, मार्गदर्शन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ते एकच चित्र येतं : आपल्या अंगावरचं काढून द्यायचं. त्याच घरातली दुसरी गोष्ट तुम्ही विसरताय. १९१९ मध्ये काढलेल्या त्या संस्थेचं ब्रीद ‘स्वावलंबी शिक्षण’ असं आहे. भाऊरावांनी मुलांना शेतात राबवलं, स्वतःची कामं स्वतः करायला लावली, फुकट काही घ्यायचं नाही असं शिकवलं. तुम्ही स्वतः कॉलेजच्या बागेत पाणी घालून आणि ग्रंथालयात पुस्तकं लावून शिकलात, आणि ते अभिमानानं लिहिलंत. तुमच्या विद्यार्थ्याला मात्र तुम्ही फक्त मंगळसूत्राचा वाटा देताय. त्याच्या हातात खोरं द्यायचं राहिलंय.

आणि तुमच्या सरांनी तुमच्यासाठी नेमकं काय केलं, हे परत आठवून बघा. ते तुमच्याबरोबर एसटीत बसले. परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंत आले. पेपर तुम्ही सोडवलात. त्यांनी तुम्हाला एक दिवस दिला, आणि तो नेमका दिला. रोज पाऊण तास वीस वर्षं त्यांनी कुणालाही दिला नसावा, कारण त्यांना स्वतःचे तास होते, घर होतं, शेती होती. ऋण तासांत मोजलं तर तुम्ही ते जन्मात फेडू शकणार नाही. तुमचे सरही कुणाचं तरी असंच देणं लागत असतील.

तर कॉलेजचा रविवार बंद करायचा का? नाही. पण दर महिन्याला तुम्हीच जाण्याचं बंद करा. वर्षातून दोनदा जा. जाताना लॅबमधला एक विद्यार्थी घेऊन जा आणि व्याख्यान त्याला देऊ द्या. आणि तिथे मुलांपेक्षा जास्त वेळ आज तिथे शिकवणाऱ्या शिक्षकांना द्या, माझा भर यावर आहे. मुलं तीन वर्षांत निघून जातात, शिक्षक वीस वर्षं राहतो. भारतीय विज्ञान अकादमी आणि तिच्या जोडीच्या दोन राष्ट्रीय अकादम्या मिळून उन्हाळ्यात संशोधनाची फेलोशिप देतात, हे बहुतेकांना विद्यार्थ्यांसाठी म्हणून माहीत असतं. शिक्षकांनाही ती मिळते. तुमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या एका शिक्षिकेला तो अर्ज भरायला एका संध्याकाळी मदत करा. दोन महिने एखाद्या लॅबमध्ये राहून ती परतली की पुढच्या दहा तुकड्यांना कुणी विचारायचं हे तुम्हाला बघावं लागणार नाही.

मेसेजचं त्याहून सोपं आहे. तेच आठ-दहा प्रश्न परत परत येतात ना? जेआरएफची (संशोधन फेलोशिपची) परीक्षा कोणती, विषय कोणता निवडू, इंग्रजी कच्चं आहे तर चालेल का, गाइडला पहिलं पत्र कसं लिहायचं, मुलीला एकटीला हॉस्टेलवर पाठवायला घरचे तयार नाहीत तर काय सांगू. यांची उत्तरं एकदाच, मराठीत, नीट लिहून काढा. आयसर आहे, एनसीसीएस आहे, आघारकर आहे, एनआयव्ही आहे. पुण्यातल्या कोणत्या संस्थेत काय चालतं, एवढंही साध्या भाषेत कुठे लिहिलेलं सापडत नाही. ते पान पाठवत जा. उरलेल्यांसाठी आठवड्यातून एक तास, ठरलेला, सगळ्यांचा एकत्र. एकत्र याचा फायदा मी बघितलाय. पाटणच्या मुलीला कळतं की जतचीही तेच विचारतेय, आणि पुढच्या खेपेला त्या दोघी एकमेकींना विचारतात. अर्थात, एखादीचा मेसेज वेगळा असतो. घरून लग्न ठरवतायत, किंवा कुणी त्रास देतंय. तिला वेळ न बघता उत्तर द्या. कुणाचा मेसेज वेगळा हे तुम्हाला बरोबर कळेल, कारण मग ते पन्नासांच्या गर्दीत हरवलेले नसतील.

तुमच्या वरिष्ठांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, ती तुम्ही रागात बाजूला सारू नका. लॅब बंद पडली तर सगळ्यात आधी तुमचे विद्यार्थी उघड्यावर पडतात. अर्ध्यातून गाइड गेलेल्या मुलांचं काय होतं हे मी पाहिलंय : कुणीतरी उपकार म्हणून त्यांना आपल्या नावावर घेतं आणि त्यांचा विषय कुणाचाच राहत नाही. म्हणून पेपर ही तुमची वैयक्तिक महत्त्वाकांक्षा नाही, ती या तिघांची गरज आहे. आठवड्यातल्या दोन सकाळी लिहिण्यासाठी बांधून घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिला मसुदा कच्चा असतानाच तिघांना वाचायला द्या आणि त्यांनी चुका काढल्या तर ऐका. पेपर कसा लिहितात हे मुलांना शिकवायचा दुसरा मार्गही नाही. पुढच्या ग्रँटचा अर्ज आत्ताच काढा. केंद्राच्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची सुरुवातीच्या संशोधकांसाठीची योजना आहे, जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनची वेलकम संस्था यांच्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप आहेत. पात्रतेची वर्षं भराभर निघून जातात, ती आधी तपासा. आणि चौथा विद्यार्थी घेऊ नका. यूजीसीचे २०२२ चे नियम सहायक प्राध्यापकाला चार जणांची मुभा देतात, म्हणून चौथी जागा भरलीच पाहिजे असं नाही.

पण ‘आधी’ आणि ‘मग’ हे मला मुळीच पटत नाही. शिकवणं एका पारड्यात आणि संशोधन दुसऱ्यात, असा तराजू तुमच्या वरिष्ठांनी मांडला आणि तुम्ही तो तसाच उचललात. तुमच्याच विषयाचा इतिहास वेगळं सांगतो. बी-पेशीतला ‘बी’ कुठून आला हे तुम्ही मुलांना शिकवत असाल, पण ती गोष्ट पूर्ण सांगता का? १९५० च्या दशकात अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा एक विद्यार्थी पक्ष्यांच्या शेपटीजवळच्या फॅब्रिशियसच्या पिशवीचं (इंग्रजीत ‘बर्सा’, तोच हा ‘बी’) काम काय असतं ते शोधत होता. ही पिशवी कशासाठी, असं त्यानं प्राध्यापकांना विचारलं होतं, आणि त्यांनी उत्तर न देता, तूच शोध, असं सांगितलं होतं. त्यानं कोंबड्यांच्या पिशव्या काढून बघितल्या, पण विशेष काही हाती लागलं नाही. त्याचा सहाध्यायी टिमोथी चँग याला वर्गात मुलांना दाखवायचं होतं की कोंबडीला साल्मोनेला हा जंतू टोचला की अँटीबॉडी कशा तयार होतात. त्याला कोंबड्या कमी पडत होत्या. त्यानं ग्लिकच्या उरलेल्या कोंबड्या मागून घेतल्या. वर्गात प्रात्यक्षिक फसलं : पिशवी काढलेल्या कोंबड्यांत अँटीबॉडी झाल्याच नाहीत.

त्या फसलेल्या तासातून शोध लागला. ‘सायन्स’नं तो पेपर परत पाठवला, आणि १९५६ मध्ये तो छापला ‘पोल्ट्री सायन्स’नं, कुक्कुटपालनाच्या नियतकालिकानं. पुढे १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवरच काम करून दाखवलं की प्रतिकारशक्तीच्या दोन वेगळ्या फौजा आहेत, एक थायमस या ग्रंथीतून निघणारी आणि एक त्या पिशवीतून. आज टी आणि बी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या. चँग जर म्हणाला असता, की आधी माझा पेपर, वर्गाचं मग बघू, तर ही गोष्ट कुणाच्या हाती कधी लागली असती?

मी असं म्हणत नाहीये की शिकवलं की शोध लागतोच. बहुतेक वेळा नुसतं शिकवणंच होतं, आणि तेही पुरेसं असतं. पण नवशिक्याला जे दिसतं ते सरावलेल्या डोळ्यांना दिसेनासं होतं. ते दिसण्यासाठी नवशिक्याला यंत्रापाशी असू द्यावं लागतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला ती वाचता आली. तुमच्याच वयाचे दोन पुरुष सहकारी आहेत, आणि संस्थेत शाळकरी मुलं भेट द्यायला आली की बोलावणं तुम्हाला येतं. उन्हाळी प्रशिक्षणाची समिती तुमच्याकडे, हॉस्टेलमधल्या मुलींच्या तक्रारी तुमच्याकडे. हे मुलींना आवडतं, तुम्हाला जमतं, आणि कुणाच्याही वार्षिक अहवालात ते दिसत नाही. ते दिसू द्या. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, तुमचा तो रविवार त्यात बसतो. तारखा, किती मुलं, कोणता विषय, सगळं लिहा. आणि पुढची समिती आली की, यंदा माझी पाळी नाही, एवढंच म्हणा. कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर चर्चा होते.

तुमच्यासारखीच पहिली पाच वर्षं काढणारी माणसं शोधा. इंडियाबायोसायन्स या संस्थेच्या तरुण संशोधकांच्या बैठका २००९ पासून होतात, तिथे जा. पुण्यातल्या पुण्यातही चार जण मिळतील. महिन्यातून एकदा एकमेकांचे अर्ज वाचायचे, एवढं ठरवा. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला संशोधक रॉल्फ झिंकरनागेल यांना जागा नव्हती म्हणून पीटर डोहर्टी यांच्या लॅबमध्ये जागा दिली गेली. दोघंही तिशीच्या आसपासचे. त्या शेजारातून आपल्या टी-पेशी परक्याला कशा ओळखतात याचा उलगडा झाला आणि १९९६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तुम्ही सध्या फक्त वर बघताय, वरिष्ठांकडे, आणि खाली, विद्यार्थ्यांकडे. शेजारी कुणीच नाही.

चार वर्षांच्या मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की ती बाबांकडून गोष्ट ऐकून झोपते. त्यावर मी काही सांगणार नाही. त्या तीन रात्री घरी परत आल्या की काय करायचं ते तुम्ही आणि ती ठरवाल.

आता ते वाक्य.

बाहेरून येणाऱ्या रक्तात पांढऱ्या पेशींचा थर गढूळ दिसतो, असं तो म्हणाला. तुम्ही याला शंका काढणं म्हणालात. रक्त काढून खूप तास झाले की ग्रॅन्युलोसाइट या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची घनता बदलते. एरवी फायकॉल या पेशी वेगळ्या करायच्या द्रावणाच्या खाली बसायच्या त्या पेशी वरच्या थरात मिसळतात, आणि त्यांच्या सोबतीनं टी-पेशी मंद वागायला लागतात. हे तुम्हाला माहीत आहे, फक्त रात्री साडेदहाला आठवत नाही. रुग्णांच्या घरच्यांचं रक्त तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी पोचतं. तुलनेचं रक्त संस्थेतलंच, त्याच सकाळचं. दोन गटांत तुम्हाला जो फरक दिसतोय, त्यातला किती क्षयाचा आणि किती गाडीच्या प्रवासाचा? पेपर तपासणारे रिव्ह्यूअर हे विचारणारच. त्यानं आधी विचारलंय.

एथिक्स कमिटीची परवानगी तुमच्या स्वयंसेवकांसाठी आहेच, तिच्यात हे बसतं का ते बघून घ्या, नसेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. मग पाच स्वयंसेवक. प्रत्येकाच्या रक्ताच्या तीन नळ्या : एक लगेच, एक आठ तासांनी, एक चोवीस तासांनी, प्रवासात असतं त्याच तापमानाला ठेवलेली. तीन-चार रंगांपेक्षा जास्त काही नको. प्रयोगाची आखणी त्यानं करायची, हात त्याचे, वही त्याची, आणि लॅब मीटिंगमध्ये सांगायचंही त्यानंच. फरक निघाला नाही, तर तुमच्या पेपरमधला एक भक्कम कंट्रोल तयार झाला. फरक निघाला, तर आरोग्य केंद्राजवळच रक्त वेगळं करायची सोय करावी लागेल किंवा तुलनेचं रक्तही तेवढाच वेळ थांबवून ठेवावं लागेल, आणि हे पंधरा महिने हातात असताना कळलेलं बरं.

सोमवारी सकाळी त्याला बोलवा आणि विचारा, की तो गढूळ थर त्याला पहिल्यांदा कोणत्या तारखेच्या नमुन्यात दिसला. माझा अंदाज आहे, त्यानं ते वहीत लिहून ठेवलं असेल.